सार्वजनिक दालनात फूको लंबक उभारताना

दहा मीटर लांबीच्या तारेला वीस किलोचा गोळा टांगून तो पुण्यात झुलवला आणि मधल्या बिंदूपासून दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर जाऊ दिला, तर एका पूर्ण झोक्यानंतर तो आधीच्या जागेपासून सुमारे ०.०७ मिलिमीटर बाजूला पोहोचतो. ही सरक केसाच्या जाडीइतकी आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे लोकांना डोळ्यांनी दाखवायचे, तर आपल्या हाती एवढाच पुरावा असतो. हा लेख शाळा, महाविद्यालय, विज्ञान केंद्र किंवा नगरपालिकेचे सभागृह अशा ठिकाणी पहिल्यांदाच असा लंबक उभारू पाहणाऱ्यांसाठी आहे.

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लेऑन फूको यांनी १८५१ च्या जानेवारीत पॅरिसमधील आपल्या घराच्या तळघरात दोन मीटर तार आणि पाच किलोचा गोळा घेऊन सुरुवात केली, तेव्हा पहिल्याच प्रयत्नात त्यांची तार तुटली. पुढे वेधशाळेत ११ मीटरचा आणि मार्चमध्ये पँथिऑन या स्मारकाच्या घुमटाखाली ६७ मीटर तारेचा, २८ किलो गोळ्याचा लंबक त्यांनी टांगला. लांबी वाढवत जाण्यामागे केवळ भव्यतेची हौस नव्हती. त्याचे कारण पुढे येईल. आपल्याकडे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्रात असा लंबक आहे, आणि दिल्लीतील नव्या संसद भवनातही २०२३ पासून तो आहे. उभारणीला हात घालण्यापूर्वी यांपैकी एखाद्यासमोर तासभर उभे राहून यावे.

आधी थोडे गणित

गोळा ज्या उभ्या पातळीत मागे-पुढे झुलतो ते झोक्याचे प्रतल. ते जमिनीच्या संदर्भात हळूहळू फिरताना दिसते, आणि किती वेगाने फिरणार हे केवळ अक्षांशावर ठरते. तासाला १५.०४ अंशांना अक्षांशाच्या साइनने गुणले की उत्तर मिळते. पॅरिसमध्ये ते तासाला ११.३ अंश येते आणि पूर्ण फेरी सुमारे ३२ तासांत होते. दिल्लीत फेरीला सुमारे ५० तास, नागपुरात ६६, पुण्यात ७५ आणि पणजीत जवळपास ९० तास लागतात. उत्तर गोलार्धात ही फेरी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने होते.

या आकड्यांतून आपल्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट निघते. पुण्यातला लंबक पॅरिसमधल्या लंबकाच्या निम्म्याहूनही कमी वेगाने फिरतो, म्हणजे दाखवायची गोष्ट निम्म्याहून कमी असते. चुका मात्र तेवढ्याच राहतात. युरोपातल्या एखाद्या संग्रहालयाचा आराखडा जसाच्या तसा उचलला, तर तिथे खपून जाणारा दोष इथे संपूर्ण प्रयोग बिघडवू शकतो. म्हणून आपल्याकडच्या लंबकाला वरच्या पकडीत आणि सोडण्यात जास्त काटेकोरपणा लागतो.

मुख्य शत्रू: लंबवर्तुळ

गोळा एका सरळ रेषेत झुलला पाहिजे. प्रत्यक्षात काही वेळाने तो मधल्या बिंदूवरून जाण्याऐवजी त्याच्या किंचित बाजूने जाऊ लागतो आणि त्याचा मार्ग अरुंद लंबवर्तुळ होतो. पृथ्वी स्थिर असती तरी असे लंबवर्तुळ आपोआप फिरले असते, हे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८५१ मध्येच दाखवले. या खोट्या फिरण्याचा वेग लंबवर्तुळाची लांबी आणि रुंदी यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो, आणि लंबकाची लांबी वाढवली की तो झपाट्याने कमी होतो. फूको तळघरातून घुमटाखाली गेले त्याचे हे एक मोठे कारण.

आपल्या दहा मीटरच्या लंबकात गोळा मधल्या बिंदूपासून केवळ सव्वा सेंटिमीटर बाजूने जाऊ लागला, की खोटे फिरणे पुण्यातल्या खऱ्या फिरण्याएवढे होते. लंबवर्तुळाची दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे असेल तर लंबक दुप्पट वेगाने फिरतो आणि उलट असेल तर जागच्या जागी थांबतो. आमच्या पहिल्या लंबकाने उद्घाटनाच्या दिवशी नेमके हेच केले होते: दोन तास तो इमानेइतबारे झुलला, फिरला मात्र नाही, आणि पाहुण्यांना आम्ही चहाकडे वळवले.

जागा आणि तुळई

जिन्याची मोकळी विहीर, दोन-तीन मजली उंच प्रवेशदालन किंवा जुन्या सभागृहाचे उंच छत या सर्वांत सोयीच्या जागा. सहा मीटरपेक्षा कमी उंचीत सार्वजनिक लंबकाचा खटाटोप करू नये असे माझे मत आहे; दहा मीटर मिळाले तर उत्तम, त्याहून जास्त मिळाले तर भाग्य. दहा मीटरला एका झोक्यास ६.३५ सेकंद लागतात, आणि त्या संथ गतीलाही एक गांभीर्य असते जे लहान लंबकात येत नाही. पंखे, एसीचे झोत आणि सतत उघडझाप होणारी दारे यांपासून जागा दूर असावी.

लंबक कशाला टांगायचा, हा प्रश्न वजनाचा आहे असे पहिल्यांदा वाटते. वीस किलो कोणतीही तुळई सहज पेलते. खरा प्रश्न आडव्या ओढीचा आहे. झोक्याच्या टोकाला गोळा आधाराला बाजूने सुमारे एक किलो वजनाइतक्या बळाने ओढतो, आधी एकीकडे आणि मग दुसरीकडे. या ओढीने तुळई एका दिशेला दुसऱ्या दिशेपेक्षा अवघा एक शतांश मिलिमीटर जास्त सरकली, तरी त्या दिशेत लंबक ०.२ मिलिमीटरने लांब असल्यासारखा वागतो. दोन दिशांचे दोलनकाल किंचित वेगळे पडतात आणि तासाभरातच गोळा मधल्या बिंदूच्या ९ मिलिमीटरपर्यंत बाजूने जाऊ लागतो. सव्वा सेंटिमीटरला काय होते ते वर आलेच आहे.

म्हणून लांब, एकट्या आय-बीमच्या मध्यावर लंबक कधीही टांगू नये, कारण असा बीम उभ्या दिशेला ताठ असला तरी आडवा आणि पिळाला लवचीक असतो. काँक्रीटच्या स्लॅबला चार अँकर बोल्टने घट्ट बसवलेली जाड चौकोनी पोलादी पाटी सर्वांत चांगली. ते शक्य नसेल तर दोन बीम एकमेकांना काटकोनात वेल्ड करून फुली बनवावी. फॉल्स सीलिंगच्या सांगाड्याला किंवा पत्र्याच्या छताच्या कैचीला हात लावू नये. स्लॅबला भोके पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी संमती घ्यावी. स्लॅबमधल्या सळया कुठे आहेत हे त्यांना नकाशावरून कळते, आपल्याला ड्रिल अडल्यावर कळते.

तारेची पकड

सगळ्या कामात सर्वाधिक वेळ इथे द्यावा. तार आकड्याला गुंडाळणे, कडीत अडकवणे, नटखाली दाबणे किंवा बेअरिंगवर टांगणे हे सगळे मार्ग नवशिक्याला सुचतात आणि सगळेच चुकीचे आहेत, कारण प्रत्येकात तार एका दिशेला सहज आणि दुसऱ्या दिशेला कष्टाने वाकते. हवी ती पकड अशी, जिच्यातून तार सर्व बाजूंनी सारखी आवळलेली, एका बिंदूतून सरळ खाली बाहेर पडते. लेथवर वापरतात तसा चांगल्या प्रतीचा कोलेट (आवळल्यावर सगळीकडून सारखी मिटणारी, चिरा पाडलेली पोलादी नळी), किंवा निदान नवा ड्रिल चक, हे काम करतो. चकचे तीन जबडे तारेच्या जाडीला नीट मिटतात का ते भिंगाखाली पाहावे. कोलेटचे भोक तारेच्या मापाचेच असावे आणि त्याच्या तोंडाची धार पॉलिश पेपरने हलकेच मोडावी; तीक्ष्ण धारेवर रोज हजारो वेळा वाकणारी तार तिथेच तुटते.

किती वेळा, हेही पाहू. दिवसाला सुमारे १३,६०० झोके म्हणजे वर्षाला पन्नास लाखांच्या घरात झोके होतात. एक मिलिमीटर जाडीच्या तारेवर वीस किलोचा ताण दर चौरस मिलिमीटरला २५० न्यूटन येतो आणि पियानो वायर (एकपदरी, कडक पोलादी तार) त्याच्या कितीतरी पट सहन करते. मात्र पकडीच्या तोंडाशी वाकण्यामुळे येणारा ताण अर्ध्या मीटरच्या झोक्यात याच्या जवळजवळ तिप्पट असतो. वारंवार वाकून धातू थकतो तो तिथे. झोका तीस सेंटिमीटरवर आणला तर हा ताण त्याच प्रमाणात उतरतो, शिवाय लंबवर्तुळाचा उपद्रवही कमी होतो. कायमस्वरूपी प्रदर्शनासाठी तीस-पस्तीस सेंटिमीटरचा झोका मला जास्त शहाणपणाचा वाटतो. दिसायला तो थोडा कमी रुबाबदार असतो, एवढेच.

तार आणि गोळा

तार पियानो वायरच घ्यावी. अनेक पदरांची वळलेली केबल भार आल्यावर उकलू लागते आणि गोळ्याला गिरकी देते. पियानो वायर वेटोळ्यात मिळते आणि तिच्यात वेटोळ्याचा बाक शिल्लक असतो, म्हणून ती कुठेही मुरडू न देता उलगडावी आणि गोळा लावून आठवडाभर नुसती लटकत ठेवावी. वीस किलोने दहा मीटरची तार सुमारे साडेबारा मिलिमीटर लांबते. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात दालनाच्या तापमानात पंधरा अंशांचा फरक पडला, तर आणखी पावणेदोन मिलिमीटरचा फरक येतो. गोळ्याखालचे अंतर ठरवताना या दोन्ही गोष्टी धराव्यात. कोकणात आणि पावसाळ्यात सगळीकडेच तारेला मशीन ऑइलचा पातळ हात अधूनमधून द्यावा, कारण गंजाचा एक ठिपकाही तुटीची सुरुवात असू शकतो.

गोळ्याबद्दल थोडक्यात सांगता येते: तो जड असावा आणि गोल असावा. वीस किलोचा पोलादी गोळा १७ सेंटिमीटर व्यासाचा होतो, शिशाचा १५. टर्नरकडून एकाच पकडीत गोळा तासून आणि मधले भोक पाडून घ्यावे, म्हणजे भोक अक्षावरच येते. तळाशी आटे पाडून एक टोकदार काटा बसवावा. गवंडी ओळंबा वापरतो तसाच आधी हा गोळा ओळंबा म्हणून वापरावा: तो पूर्ण स्थिर झाल्यावर काट्याखाली जमिनीवर खूण करावी. पुढची सगळी मापे त्या खुणेपासून घ्यायची आहेत.

सुरक्षितता

फूको यांचा एक मूळ गोळा पॅरिसच्या संग्रहालयात २०१० मध्ये तार तुटल्याने पडून कायमचा खराब झाला. त्यामुळे तार एक ना एक दिवस तुटणार हे गृहीत धरूनच मांडणी करावी. ती बहुधा पकडीच्या तोंडाशीच तुटते. पकडीच्या वीस सेंटिमीटर खाली एक पक्के कडे बसवायचे आहे (त्याचे दुसरे काम पुढे येते). या कड्याच्या किंचित वर तारेवर कड्यात न मावणारी हलकी चकती आवळून ठेवली, की तुटलेली तार कड्यात अडकते आणि गोळा जमिनीवर येत नाही. तरीही गोळा जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरच उंच ठेवावा, खाली लाकडी चौथरा असावा आणि कठडा झोक्याच्या टोकापासून किमान अर्धा मीटर दूर असावा. गोळ्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटरच असतो, पण वीस किलोचे वजन लहान मुलाच्या कपाळाला लागण्यासाठी वेगाची गरज नसते.

गोळा सोडणे

हाताने सोडलेला गोळा कधीच सरळ जात नाही. गोळ्याच्या कमरेला सुती दोऱ्याचा फास घालून तो एका बाजूला ओढून खांबाला बांधावा आणि त्याचा सगळा थरथराट थांबेपर्यंत वाट पाहावी. दहा मिनिटे लागली तरी लागू द्यावीत. या वेळात कठड्याला कोणी टेकू नये. मग दोरा जाळावा. काडीपेटीपेक्षा उदबत्ती बरी, कारण तिने हवा हलत नाही. निखारा दोऱ्याला लावला की एकेक धागा काळा पडून तुटत जातो, शेवटचा धागा क्षणभर ताणून राहतो आणि गोळा आवाज न करता निघतो. दोऱ्याचे तुकडे गोळ्याला चिकटून राहणार नाहीत असा फास बांधावा.

चार दिशांची चाचणी

अजून कोणतेही विद्युत उपकरण लावू नये. गोळा आधी उत्तर-दक्षिण दिशेत सोडावा आणि तासाभरात प्रतल किती अंश फिरले ते मोजावे. मग ईशान्य-नैऋत्य, पूर्व-पश्चिम आणि वायव्य-आग्नेय अशा दिशांनी हेच करावे. पुण्यात चारही वेळा ४.८ अंशांच्या आसपास उत्तर यायला हवे. एका दिशेत सहा आणि दुसऱ्या दिशेत तीन आले, तर आधारात असमानता आहे. जिथे लंबवर्तुळ सर्वांत कमी फुगते त्या दोन काटकोनी दिशा हे दोषाचे अक्ष, आणि त्यांच्या मधोमधच्या दिशांत ते सर्वांत जास्त फुगते.

दोष कुठे आहे हे शोधण्याची युक्ती सोपी आहे. कोलेट तारेसकट ४५ अंशांत फिरवून पुन्हा आवळावा आणि चाचणी पुन्हा करावी. वाईट दिशाही ४५ अंशांनी फिरली, तर दोष पकडीत किंवा तारेत आहे; ती होती तिथेच राहिली, तर दोष तुळईत आहे. आमच्या त्या फसलेल्या लंबकाची वाईट दिशा जागची हलली नाही. दोन खांबांवर टाकलेला बीम आम्ही मागाहून दोन्ही बाजूंनी तिरक्या टेकूंनी भिंतीला बांधला, तेव्हा कुठे तो फिरू लागला. या दोषाचे बारीक गणित डच भौतिकशास्त्रज्ञ हाइके कामरलिंग ओन्नेस यांनी १८७९ मधल्या आपल्या प्रबंधात मांडले होते. पुढे १९०८ मध्ये हेलियम द्रवरूप करणारे ते हेच.

कडे आणि विद्युतचुंबक

चाचणी समाधानकारक झाली तरी थोडे लंबवर्तुळ उरतेच. ते दाबण्यासाठी वर उल्लेख केलेले कडे उपयोगी पडते. फ्रान्समधील शारों यांच्या नावाने ते ओळखले जाते. अर्ध्या मीटरच्या झोक्यात पकडीखाली वीस सेंटिमीटरवर तार दहा मिलिमीटर बाजूला जाते; तिथे १९ मिलिमीटर व्यासाच्या गुळगुळीत भोकाचे कडे अगदी केंद्रस्थानी बसवले, की प्रत्येक टोकाला तार कड्याला जेमतेम टेकते आणि तिथल्या घर्षणाने बाजूची हालचाल मरते. तीस सेंटिमीटरचा झोका ठेवला, तर भोक सुमारे ११ मिलिमीटरचे लागेल. कडे केंद्रापासून ढळले तर उपायच अपाय होतो, म्हणून ते सरकवण्यासाठी तीन-चार बाजूंनी स्क्रू ठेवावेत.

हवेच्या विरोधाने झोका काही तासांत मंदावतो. सकाळी सोडून संध्याकाळी थांबवण्याची पद्धत वाईट नाही, मात्र दिवसभर एकसारखा झोका हवा असेल तर खालून धक्का द्यावा लागतो. गोळ्याच्या तळाशी काट्याभोवती एक कडीसारखा चुंबक आणि चौथऱ्याखाली तांब्याच्या तारेचे सपाट वेटोळे, एवढी मांडणी पुरते. गोळा मध्यावरून गेल्याचे वेटोळ्यातल्या विद्युतदाबावरून कळते, आणि तो बाहेर पडत असताना अर्डुइनोसारख्या लहान, प्रोग्राम करता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाने क्षणभर प्रवाह सोडून त्याला ढकलायचे. वेटोळ्याचा मध्य ओळंब्याच्या खुणेवर एक मिलिमीटरच्या आत असावा, नाहीतर प्रत्येक ढकलणे किंचित बाजूने होते आणि आपणच लंबवर्तुळ तयार करतो. प्रवाह कमीत कमी ठेवून सुरुवात करावी आणि झोका टिकेल इतपतच वाढवावा. बोर्डाला इन्व्हर्टरची जोड द्यावी. वीज गेली की लंबक लगेच थांबत नाही, पण दुपारभर गेली तर थांबतो.

लोकांना काय दिसणार

दालनात येणारा माणूस लंबकासमोर सरासरी किती मिनिटे थांबतो ते आपण कुठल्याही प्रदर्शनात पाहू शकतो. पाच मिनिटे थांबला तर खूप. पाच मिनिटांत पुण्यातल्या लंबकाचे टोक साडेतीन मिलिमीटर सरकते, म्हणजे नुसते पाहून काही कळत नाही. खुंट्या पाडण्याची जुनी पद्धत याच कारणाने टिकली आहे. अर्ध्या मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर एकेक सेंटिमीटर अंतराने हलक्या लाकडी खुंट्या उभ्या केल्या, की एका टोकाला दर पंधरा मिनिटांनी एक पडते. समोरच्या टोकाच्या खुंट्या अर्ध्या घराने पुढे मांडल्या, तर दर सात-आठ मिनिटांनी कुठली तरी एक ‘टक्’ करून पडते. काटा आधी दोन-तीन झोके खुंटीला नुसता चाटून जातो, ती डुलते, गर्दी श्वास रोखते, आणि मग ती पडते. खुंट्या जितक्या हलक्या तितके चांगले, कारण प्रत्येक टक्कर गोळ्याला बाजूने हिसका देते. टोकाला गोळा मध्यापेक्षा साडेबारा मिलिमीटर वर चढलेला असतो, हे खुंट्यांची उंची ठरवताना विसरू नये. आम्ही विसरलो होतो आणि काटा सगळ्या खुंट्यांवरून तरंगत गेला होता.

दुसरा पर्याय म्हणजे चौथऱ्यावर टोकांच्या जागी रांगोळीचे लहान ढीग घालणे. पँथिऑनमध्ये वाळू होती. आपल्याकडे रांगोळी सहज मिळते आणि गडद लाकडावर काट्याने कापलेली चीर लांबूनही दिसते. पावसाळ्यात मात्र रांगोळी ओल धरते, तिचे खडे होतात आणि काटा अडखळतो, तेव्हा जून ते सप्टेंबर खुंट्याच बऱ्या.

फलकावर सर्वाधिक विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहावे: पृथ्वी २४ तासांत फिरते, मग हा ७५ तास का घेतो? ध्रुवावर दालनाची जमीन लंबकाखाली चकतीसारखी पूर्ण फिरते, म्हणून तिथे फेरीला एका दिवसाइतका वेळ लागतो. विषुववृत्तावर जमीन पूर्वेकडे वाहून नेली जाते, जागच्या जागी मात्र मुळीच फिरत नाही. पुण्यातली जमीन या दोन्हींच्या मध्ये, पण विषुववृत्ताच्या बरीच जवळ आहे, म्हणून ती जागच्या जागी सावकाश फिरते. फलकावर आपल्या गावाचा अक्षांश आणि तासाला किती अंश हे दोन आकडे मोठ्या अक्षरांत असावेत.

देखभालीसाठी एक साधी वही ठेवावी. रोज सकाळी गोळा कोणत्या दिशेत सोडला, संध्याकाळी प्रतल किती अंश फिरले आणि त्या वेळी गोळा मध्यबिंदूच्या किती मिलिमीटर बाजूने जात होता, एवढ्या तीन नोंदी पुरतात. तिसरा आकडा आठवडाभर वाढत गेला, तर आधी कडे केंद्रावर आहे का ते पाहावे, मग वेटोळे, आणि मग शिडी लावून कोलेट. शिडी लावलीच आहे तर पकडीच्या तोंडाशी तार भिंगातून तपासावी आणि काही दिसले नाही तरी वर्षातून एकदा ती बदलावी; जुन्या तारेचा वरचा वीतभर तुकडा तारीख लिहून वहीला चिकटवून ठेवावा.